मीटरवर ०.६ व्होल्ट, तरी एलईडी पेटत नाही: चिखलाच्या सेलची दुरुस्ती

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चिखलातल्या जिवाणूंपासून वीज करणाऱ्या सेलबद्दल तक्रार दर वर्षी तीच असते. बरणीत चिखल भरला, एक इलेक्ट्रोड (ॲनोड) खाली पुरला, दुसरा (कॅथोड) वर पाण्यात ठेवला, मीटर लावला तर ०.६ व्होल्ट. सगळे खूश. मग एलईडी जोडला तर ढिम्म. दुसऱ्या दिवशी मोजलं तर ०.२. कोणीतरी म्हणतं, जिवाणू उपाशी असतील, साखर घाला. साखर घातली की चौथ्या दिवशी बरणीला आंबूस वास, चिखल फुगून वर आलेला आणि मीटरवर जवळपास शून्य. प्रदर्शन आठ दिवसांवर.

अशा जिवाणूंच्या सेलच्या, म्हणजे मायक्रोबियल फ्युएल सेलच्या शाळकरी मॉडेलमध्ये दोष बहुतेक वेळा जिवाणूंचा नसतो. तो तारेच्या जोडात असतो, दोन बाटल्यांना जोडणाऱ्या मिठाच्या जेलमध्ये, म्हणजे सॉल्ट ब्रिजमध्ये असतो, कॅथोडला हवा न मिळण्यात असतो, आणि कित्येकदा नुसता मोजण्यातच असतो. म्हणून बरणी उपसू नका, साखरेचा डबा जागेवर ठेवा, आणि आधी १ किलोओहमचा रेझिस्टर आणा.

एलईडी न पेटणं हा बिघाडच नाही

जिवाणू ॲसिटेटसारखं अन्न मोडून ॲनोडला इलेक्ट्रॉन देतात आणि कॅथोडवर ऑक्सिजन ते घेतो. या जोडीतून कागदावर साधारण १.१ व्होल्ट निघतात. प्रत्यक्षात काही जोडलेलं नसताना चांगल्या सेलला ०.६ ते ०.८ मिळतात, भार, म्हणजे वीज घेणारं काही, अगदी रेझिस्टरसुद्धा, जोडला की त्याहून कमी. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. त्यामुळे एका सेलवर एलईडी थेट पेटणार नाही, चिखल कुठूनही आणा. पेटला, तर त्या बरणीत जिवाणूंऐवजी दुसरंच काहीतरी काम करतंय, त्याकडे पुढे येतो.

दुसरी गोष्ट मीटरची. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरचा व्होल्टेज मोजतानाचा रोध १ मेगाओहमच्या घरात असतो. म्हणजे ०.६ व्होल्ट दाखवताना तो सेलकडून फक्त ०.६ मायक्रोॲम्पिअर घेतो. बिल्डिंगच्या नळाचा दाब नळ बंद असताना छान दिसतो. तोटी उघडल्यावर करंगळीएवढी धार आली की पाइप चोंदलाय हे कळतं. सेलचंही तसंच. तोटी उघडल्याशिवाय काही कळत नाही.

करंट थेट मोजायचा मोहही टाळा. स्वस्त मीटरच्या २०० मायक्रोॲम्पिअर रेंजमध्ये आतला रोध साधारण १ किलोओहम असतो, २० मिलिॲम्पिअर रेंजमध्ये १० ओहम. एकाच सेलचे दोन रेंजवर दोन आकडे येतात आणि गटात भांडण लागतं. शिवाय इलेक्ट्रोड थोडाफार कपॅसिटरसारखा वागतो. रात्रभर उघडा, म्हणजे काहीच न जोडलेला, राहिलेला सेल मीटरला लावताच पहिल्या सेकंदाला मोठा आकडा दिसतो, तो साठलेल्या चार्जचा. वहीत नेमका तोच उतरवला जातो.

भार लावून मोजायची रीत

पाव वॅटचे सात रेझिस्टर घ्या: १० किलोओहम, ४.७ किलोओहम, २.२ किलोओहम, १ किलोओहम, ४७० ओहम, २२० ओहम, १०० ओहम. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायची गरज नाही, स्टेशनजवळच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातही मिळून जातात. सेल दोन तास उघडा ठेवून व्होल्टेज लिहा. मग १० किलोओहम जोडा, २० मिनिटं थांबा, त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. मग ४.७, असं खाली या. आकडा अजून सरकत असेल तर आणखी १० मिनिटं द्या. घाईने घेतलेला आलेख नेहमी खऱ्यापेक्षा देखणा येतो.

व्होल्टेजला रोधाने भागलं की करंट. आतला रोध काढायचा तर उघड्या व्होल्टेजमधून भारावरचं व्होल्टेज वजा करा, उरलेल्याला करंटने भागा. समजा उघडा सेल ६२० मिलिव्होल्ट आणि १ किलोओहमवर ३१० मिलिव्होल्ट आले. करंट ०.३१ मिलिॲम्पिअर, आतला रोध १ किलोओहम, पॉवर ०.०९६ मिलिवॅट. हा उत्तम सेल आहे, अहवालात अभिमानाने लिहा. दुसऱ्या गटाचा सेलही उघडा ६२० च दाखवतो, पण १ किलोओहमवर ४० मिलिव्होल्टवर येतो. त्याचा आतला रोध साडेचौदा किलोओहम निघतो आणि पॉवर १.६ मायक्रोवॅट. मीटर नुसता लावून पाहिलं तर दोन्ही बरण्या सारख्याच. कामाला लावल्या की साठपट फरक.

आता हा रोध नक्की कुठे बसलाय? त्यासाठी एक चाचणी आहे, या लेखातली सगळ्यांत कामाची. १ किलोओहम लावून सेल तासभर चालू द्या. मीटर २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर जोडलेलाच ठेवा आणि मोबाइलने त्याचा व्हिडिओ सुरू करा. मग रेझिस्टरचं एक टोक झटकन काढा. व्होल्टेज दोन टप्प्यांत चढेल: आधी एकदम उडी, मग हळूहळू सरपटत. उडी म्हणजे तारा, पाणी आणि सॉल्ट ब्रिजचा रोध, कारण करंट थांबताच तो नाहीसा होतो. सरपट म्हणजे इलेक्ट्रोडवरची कमतरता, जिवाणूंची किंवा ऑक्सिजनची, ती भरून यायला वेळ लागतो.

एक सेल भारावर ८० मिलिव्होल्टवर आहे, म्हणजे करंट ०.०८ मिलिॲम्पिअर. रेझिस्टर काढताच तो पहिल्या सेकंदात ४५० वर गेला आणि मग पंधरा मिनिटांत ६०० वर पोचला. उडी ३७० मिलिव्होल्टची, भागिले ०.०८, म्हणजे सुमारे ४.६ किलोओहम नुसते तारा-पाणी-ब्रिज यांत अडकलेत. या बरणीत किलोभर साखर ओतली तरी फरक पडणार नाही. तोच सेल ८० वरून १०० वर उडून मग अर्धा तास ६०० कडे सरपटला असता, तर तारापाण्याचा रोध फक्त २५० ओहम आणि दोष इलेक्ट्रोडवर. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे उत्तर ढोबळ येतं, पण कुठे हात घालायचा ते कळायला पुरतं.

उडी मोठी आली तर: तार

सर्वांत आधी तार. इलेक्ट्रोड म्हणून वापरलेल्या कार्बन फेल्टला, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाला, तांब्याची वायर गुंडाळून वर एम-सील थापलेलं असतं, वरून अगदी भक्कम. पण फेल्ट पाणी शोषतं आणि मल्टिस्ट्रँड वायर ते आपल्या बारीक तारांमधून वर ओढते, दिव्याच्या वातीसारखं. पंधरा दिवसांनी वायरचं प्लॅस्टिक दोन इंच सोलून बघा. आतलं तांबं लखलखीत नारिंगी असायला हवं, तिथे काळपट, बोटाला लागणारी भुकटी दिसेल, खाडीच्या चिखलात तर हमखास. तिथे रोध वाढतो आणि त्यावर कडी म्हणजे विरघळणारं तांबं जिवाणूंना विषारी असतं.

उपाय: चिखलात आणि पाण्यात तांबं जाताच कामा नये. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची अर्धा मिलिमीटर तार फेल्टमधून शिवणीच्या टाक्यांसारखी पाच-सहा वेळा ओवून घ्या, टोक बरणीच्या तोंडाबाहेर आणा आणि तांब्याची वायर तिथे, कोरड्यात जोडा. टायटॅनियमची तार मिळाली तर उत्तमच, पण त्यासाठी प्रकल्प अडवू नका. ३०४ ग्रेड गोड्या चिखलात चालतं. खाऱ्या चिखलात त्याला खड्डे पडतात. पुरण्याआधी फेल्टच्या दूरच्या कोपऱ्यापासून तारेच्या टोकापर्यंत ओहम मोजा. १० ओहमच्या आत असेल तर ठीक, ५० च्या वर गेला तर पुन्हा ओवा.

क्रोकोडाइल क्लिप बरणीच्या काठावर लावू नये. पाण्याचा ओघळ तिच्यापर्यंत येतो, मुलामा दिलेलं लोखंड गंजतं आणि ती स्वतःच तिसरा इलेक्ट्रोड बनून बसते. पावसाळ्यात तर नुसत्या हवेच्या ओलाव्यानेही दात पांढरे होतात. क्लिप उघडून दात पॉलिश पेपरने घासा, किंवा स्क्रू टर्मिनलच वापरा.

सॉल्ट ब्रिज आणि पाणी

दोन बाटल्यांच्या मॉडेलमध्ये (एकीत ॲनोड, दुसरीत कॅथोड, मधे ब्रिज) सर्वांत जास्त सेल इथे मरतात, आणि कारण साधं गणित आहे. लांबी जितकी जास्त आणि छेद जितका लहान तितका रोध जास्त. मीठ पातळ केलं की आणखी जास्त. पाच मिलिमीटर व्यासाची, १५ सेंटीमीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी घेतली आणि १०० मिलिलिटर पाण्यात ६ ग्रॅम मीठ टाकून जेल भरलं, तर तिचा रोध ९०० ओहमच्या आसपास येतो. त्याच नळीत अंदाजाने चिमूटभर, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मीठ घातलं तर आठेक किलोओहम. मधे एक हवेचा बुडबुडा अडकला तर हिशेबच संपला.

नळी सोडा. एक इंची पीव्हीसी पाइपचा ५ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. किराणा दुकानातलं चायना ग्रास ३ ग्रॅम, साधं मीठ ६ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर. चायना ग्रास पूर्ण विरघळून द्रव पारदर्शक होईपर्यंत उकळा, किंचित निवू द्या, पाइपचं एक तोंड चिकटपट्टीने बंद करून काठोकाठ ओता आणि उभा ठेवूनच गोठवा. उजेडासमोर धरून बुडबुडा नाही ना ते बघा. या तुकड्याचा रोध वीसेक ओहम येतो. मीठ हळूहळू दोन्हीकडे झिरपतं, म्हणून तीन आठवड्यांनी नवा करा. पोटॅशियम नायट्रेटचा ब्रिज रसायनशास्त्राच्या तासाला चालतो, इथे नको: नायट्रेट ॲनोडच्या बाटलीत झिरपलं की अनेक जिवाणू आपले इलेक्ट्रॉन त्यालाच देतात, तुमच्या तारेला नाही.

ब्रिज सुधारूनही उडी मोठीच असेल तर कॅथोडच्या बाटलीतलं पाणी बघा. तिथे बहुधा नळाचं किंवा फिल्टरचं पाणी असतं आणि त्यात क्षार अगदी थोडे. इलेक्ट्रोड ५० चौरस सेंटीमीटरचा आणि ब्रिजपासून १० सेंटीमीटर दूर असेल, तर अशा पाण्यातच हजारभर ओहम सहज जातात. लिटरमागे एक चमचा, ५ ग्रॅम, मीठ घाला. रोध वीस-पंचवीस ओहमवर येतो. याहून स्वस्त दुरुस्ती या सगळ्या प्रकारात दुसरी नाही. ॲनोडच्या बाटलीसाठी नळाचं पाणी घेणार असाल तर ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन जाऊ द्या.

खरं तर शाळेसाठी दोन बाटल्यांपेक्षा एका बरणीचा चिखलाचा सेलच बरा. ब्रिजच नाही, तर ब्रिजचा दोष कुठून येणार?

सरपट मोठी आली तर: आधी कॅथोड

सगळे ॲनोडवर संशय घेतात, कारण जिवाणू तिथे. पण कॅथोडची बाजू बहुधा जास्त लंगडी असते. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि साधा कार्बन ऑक्सिजन वापरण्यात तसा मंदच. कॅथोड तीन सेंटीमीटर स्थिर पाण्याखाली बुडवून ठेवला की त्याची अवस्था दार-खिडक्या बंद करून बसवलेल्या माणसासारखी.

चाचणी एका मिनिटाची. १ किलोओहम लावलेला असताना कॅथोडभोवतीचं पाणी चमच्याने अलगद हलवा, किंवा ड्रॉपरने हवेचे बुडबुडे सोडा. चिखल ढवळू देऊ नका. व्होल्टेज लगेच चढलं तर कॅथोड गुदमरलेला होता. त्याला वर उचला, इतका की खालची बाजू ओली आणि वरची हवेत राहील. थर्माकोलच्या दोन पट्ट्यांवर तरंगत ठेवलात तर पाणी आटलं तरी तो पाण्याबरोबर खाली येतो. क्षेत्रफळ ॲनोडच्या दुप्पट ठेवा. फिशटँकचा छोटा एअर पंपही चालतो.

कॅथोडवर पांढरी खरखरीत पुटं चढली असतील तर ते क्षार आहेत. कॅथोडजवळ पाणी अल्कधर्मी होत जातं, त्यामुळे ते तिथे बसतात. खाडीच्या पाण्यात जास्त. पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास बुडवा, धुवा, परत लावा.

पोटॅशियम परमँगनेट घालून व्होल्टेज वाढवायची युक्ती सगळीकडे फिरते. वाढतं, खरंच वाढतं, पण ते परमँगनेट संपेपर्यंत. ती रसायनाची वीज आहे, हवेची नव्हे, आणि अहवालात तसं लिहायला हवं. पोटॅशियम फेरिसायनाइड प्रयोगशाळांतून वापरतात. शाळेत आणू नका, तीव्र आम्लाशी गाठ पडली तर त्यातून विषारी वायू निघू शकतो.

मग ॲनोड

पाणी हलवून काहीच फरक पडला नाही तर ॲनोडकडे या. पहिला प्रश्न: रेझिस्टर पहिल्या दिवसापासून लावलेला होता का? बहुतेक जण सेल पंधरा दिवस उघडा ठेवतात आणि फक्त मोजताना काहीतरी जोडतात. जिओबॅक्टरसारख्या जिवाणूंना इलेक्ट्रोडवर वस्ती करायची ती इलेक्ट्रॉन टाकायला जागा मिळते म्हणून. वाटच बंद असेल तर ते तिथे का जमतील? १ किलोओहम कायम जोडलेला ठेवा, रोज एकाच वेळी त्यावरचं व्होल्टेज लिहा. पहिले काही दिवस दोन-पाच मिलिव्होल्ट दिसतील, मग आकडा चढू लागतो. एक ते तीन आठवडे धरून चाला. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी डिसेंबरात चिखल भरून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न: फेल्ट भिजलं होतं का? नवं कार्बन फेल्ट पाणी झटकतं. तसंच पुरलं तर आत हवा राहते, म्हणजे ऑक्सिजन, आणि जिवाणूंना हात लावायला पृष्ठभागही कमी. गरम पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून दाबून दाबून भिजवा, फेस जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून काढा. पाण्यात टाकल्यावर तळाला गेलं की झालं.

फेल्ट परवडत नसेल तर फिशटँकच्या दुकानातला दाणेदार ॲक्टिव्हेटेड चारकोल स्टीलच्या जाळीच्या पाकिटात घट्ट भरा. सैल भरला तर दाणे एकमेकांना टेकत नाहीत. टॉर्चच्या जुन्या मोठ्या सेलमधली कार्बनची कांडीही चालते, मात्र साध्या झिंक-कार्बन सेलमधलीच, हातमोजे घालून आणि मोठ्या माणसाने काढलेली. अल्कलाइन किंवा लिथियम सेल फोडायचे नाहीत. या कांड्यांना बहुधा मेण पाजलेलं असतं. पॉलिश पेपरने घासून वीस मिनिटं उकळा. आणि अपेक्षा बेताची ठेवा, एका कांडीचा पृष्ठभाग जेमतेम १५ चौरस सेंटीमीटर.

ॲनोड चिखलात किमान ५ सेंटीमीटर खोल हवा. वर असला तर हवा पोचते आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकाच अवस्थेत येतात. चिखलात गांडूळ किंवा छोटा खेकडा राहून गेला तर तो बिळं करून हवा खाली नेतो, म्हणून आधी चाळणीने गाळून घ्या.

साखर का नको

एक ग्रॅम सोडियम ॲसिटेटमधले सगळे इलेक्ट्रॉन तारेतून गेले तर सुमारे ९,४०० कूलॉम चार्ज मिळतो. ०.१ मिलिॲम्पिअरने हा साठा सुमारे १,०९० दिवस पुरतो, म्हणजे जवळपास तीन वर्षं. नव्वद टक्के अन्न इतर जिवाणूंनी पळवलं तरी साडेतीन महिने. बरणीभर काळ्या चिखलात याहून बरंच जास्त अन्न असतं. साखर घातली की आंबवणारे जिवाणू आधी उठतात, आम्ल आणि वायू तयार करतात, बुडबुडे ॲनोडला चिखलापासून सोडवतात. आंबूस वास आला असेल तर वरचं पाणी काढून टाका, लिटरभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून ते वर घाला, सळईने टोचून वायू बाहेर काढा आणि चार दिवस हात लावू नका.

दोन बाटल्यांच्या सेलमध्ये ॲनोडचा द्रव पातळ असतो, तिथे मात्र अन्न खरंच लागतं. २० मिलिलिटर साधं ४ टक्क्यांचं व्हिनेगर वेगळ्या ग्लासात घ्या, त्यात अर्धा चमचा, साधारण २ ग्रॅम, खायचा सोडा थोडा थोडा घाला. फेस थांबला की एक लिटरला पुरेल एवढं, ग्रॅमभर सोडियम ॲसिटेट तयार. उरलेला सोडा आम्लता आवरायला उपयोगी पडतो.

चिखलाऐवजी यीस्टचं मॉडेल करणाऱ्यांसाठी एवढंच: यीस्ट स्वतःहून इलेक्ट्रॉन बाहेर देत नाही म्हटलं तरी चालेल, त्याला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ, मेथिलीन ब्लूसारखा निळा रंग, लागतो. कपड्यांची नीळ म्हणजे मेथिलीन ब्लू नव्हे. फिशटँकच्या दुकानात माशांच्या औषधाची निळी बाटली मिळते, त्यात तो असतो. बाटलीतला निळा रंग फिका पडत गेला तर यीस्ट काम करतंय. दिवसभर गडद निळाच राहिला तर झाकणातून हवा आत येतेय किंवा यीस्ट मेलेलं आहे.

खोटं व्होल्टेज ओळखा

तांब्याची पट्टी आणि जस्ताची पट्टी चिखलात खोचली की पहिल्या मिनिटाला ०.८ च्या आसपास व्होल्ट मिळतात. तो लिंबाचा सेल आहे, फक्त लिंबाच्या जागी चिखल. अॅल्युमिनियम फॉइल, लोखंडी खिळा, गॅल्व्हनाइज्ड जाळी यांचंही तेच. धातू झिजतो आणि श्रेय जिवाणूंना जातं. अशा सेलचं व्होल्टेज सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतं आणि उतरत जातं. खऱ्या सेलचं भारावरचं व्होल्टेज तळातून सुरू होऊन दिवसागणिक चढतं. परीक्षक आलेखाचा हा आकारच बघतो.

दोन्ही इलेक्ट्रोड एकाच कार्बनचे ठेवा, निम्मा वाद तिथेच मिटतो. उरलेल्यासाठी जोडीला दुसरी बरणी करा: तोच चिखल, तेच इलेक्ट्रोड, पण चिखल स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या प्रेशर कुकरमध्ये तासभर शिजवलेला. काही जिवाणूंचे बीजाणू एका शिजवणीत मरत नाहीत, म्हणून लागोपाठ तीन दिवस शिजवा. शिजवलेली बरणीही उघडी असताना थोडं व्होल्टेज दाखवेल, घाबरू नका. तुलना १ किलोओहमवर, दुसऱ्या आठवड्यात करायची.

चिखल कुठला

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या नर्सरीत पोत्याने मिळणारी लाल माती हा नेहमीचा कच्चा माल, आणि नुसती ती वापरली तर नेहमीची निराशा. तिच्यात सेंद्रिय भाग कमी असतो आणि लोहाचे ऑक्साइड भरपूर. जे जिवाणू ॲनोडला इलेक्ट्रॉन देतात त्यातले कित्येक लोहालाही देतात, आणि लोह त्यांच्या अगदी बाजूला असतं. नर्सरीने नायट्रेटचं खत मिसळलेलं असेल तर आणखी एक वाटेकरी. लाल माती तीन भाग, चाळलेलं कंपोस्ट एक भाग, आणि विरजण म्हणून कमळाच्या टबाच्या तळचा काळा गाळ किंवा गोबरगॅसची मळी एक भाग. भज्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट कालवा. आठ-दहा दिवसांनी बरणीच्या काचेतून बघा: वर काही मिलिमीटर तपकिरी थर आणि खाली करडा-काळा रंग दिसला पाहिजे. तळापर्यंत तांबडंच असेल तर हवा आत जातेय किंवा सेंद्रिय भाग कमी पडलाय.

ठाणे खाडीचा काळा चिखल या कामाला फार चांगला, यात शंका नाही. खारा असल्याने रोध कमी, आणि त्यातला सल्फाइडही ॲनोडवर इलेक्ट्रॉन देतो, म्हणून पहिल्याच दिवशी व्होल्टेज दिसतं. त्यातलं सगळं श्रेय जिवाणूंचं नाही. पण खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून किंवा खारफुटीतून बादलीभर चिखल परवानगीशिवाय उचलायचा नाही, शाळेचं पत्र खिशात असलं तरी. कमळाचा टब पुरतो. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातला गाळही मुलांच्या हाती देऊ नये. कुठलाही काळा चिखल हवेशीर जागी, हातमोजे घालूनच कालवा. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि बंद खोलीत तो वायू चांगला नाही.

दिवसा चढतं, रात्री उतरतं

बरणी खिडकीत आहे आणि पाण्यावर हिरवट शेवाळ आलंय, एवढंच कारण. दिवसा शेवाळ कॅथोडला ऑक्सिजन देतं, रात्री स्वतःच घेतं. काळा कागद गुंडाळून दोन दिवस बघा, हेलकावे कमी होतील. सुट्टीनंतर व्होल्टेज शून्य दिसलं तर बहुधा पाणी आटून कॅथोड कोरडा पडलाय. पाणी भरा, दोन दिवस द्या.

प्रदर्शनाच्या टेबलावर

रिक्षातून हिंदकळत आणलेली बरणी त्या दिवशी चालत नाही, कारण चिखलात हवा मिसळलेली असते. शक्य असेल तर दोन दिवस आधी नेऊन ठेवा. न्यायच्या आधी वरचं पाणी काढा, चिखलावर कॅथोड दाबून ठेवा, पोचल्यावर पाणी अलगद चमच्यावरून ओता.

सेल सिरीजमध्ये जोडायचे तर बरण्या वेगळ्याच हव्यात. एका टबात चार जोड्या खोचून चौपट व्होल्टेज मिळत नाही. चिखल सामाईक असल्याने त्या आतून एकमेकींना जोडलेल्याच असतात. बरण्या ओल्या ट्रेमध्येही ठेवू नका. सिरीज चालू असताना प्रत्येक बरणीवर वेगळं मोजा. एखादी उणे दाखवत असेल तर ती अशक्त बरणी बाकीच्यांचं खातेय, तिला बाहेर काढा.

तीन चांगल्या बरण्यांवर, प्रत्येकी ०.४५ धरली तर १.३५ व्होल्टवर, एका बटन सेलवर चालणारं साधं एलसीडी घड्याळ चालतं. त्याला काही मायक्रोॲम्पिअरच लागतात. दिवा किंवा गजर असलेलं घेऊ नका. एलईडीच हवा असेल तर ४७०० मायक्रोफॅरडचे पाच कपॅसिटर पॅरललमध्ये एका सेलवर चार्ज करा. आतला रोध १ किलोओहम असेल तर दोन-अडीच मिनिटांत ते ०.५ व्होल्टच्या आसपास भरतात. मग जोडणीच्या तारा (जंपर) हलवून पाचही सिरीजमध्ये आणा आणि लाल एलईडीला लावा: २.५ व्होल्ट, एक छोटा लाल लुकलुकाट. धन-ऋण टोकं उलटी लावू नका, आणि टेबलावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो लुकलुकाट दिसत नाही, म्हणून एलईडीवर काळ्या कागदाची पुंगळी ठेवा.